अंगावरचं आणि बाटलीचंही

मंडळी, अमेरिकेतल्या लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, आयांविषयी बोलताना एक सावधगिरी बाळगायला हवी. मेक्सिकोहून आलेली शेतमजूर, न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली पोर्तो रिकन मुलगी आणि ग्वाटेमालाच्या डोंगरातली माया बाई या सगळ्यांना आपण एकाच नावाखाली घालतो. तरीही एक गोष्ट या समाजांत पुन्हा पुन्हा दिसते. ऐंशी टक्क्यांहून जास्त आया बाळाला अंगावर घेतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी पहिल्या दोन दिवसांतच, दवाखान्यातच, फॉर्म्युलाही, म्हणजे बाळासाठीचं डब्यातलं दूधही, सुरू करतात. त्या स्वतः याला 'लास दोस कोसास' म्हणतात, म्हणजे दोन्ही.

आहारतज्ज्ञ याला अज्ञान म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. आईचं दूध रोगांपासून जपतं हे या बायकांना पक्कं ठाऊक असतं. फॉर्म्युल्यात जीवनसत्त्वं आहेत, त्यानं बाळ बाळसं धरेल, मग दोन्हींचा फायदा का सोडायचा, असा त्यांचा हिशेब असतो. त्यात घरातली वडीलधारी बाई म्हणते, 'अजून दूध उतरलं नाही, पोर उपाशी राहील.'

खरं तर पान्हा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला फुटतो. तोवर येतं ते चिकाचं दूध, चमचा-चमचाभर. नवजात बाळाला एका वेळी तेवढंच लागतं. पण बाळ रडतं, बाटली हाताशी असते. आणि दूध तयार होतं ते स्तन जेवढे रिकामे होतील त्या मानानं. बाटलीनं पोट भरलेलं बाळ कमी ओढतं, म्हणून दूध कमी बनतं, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत 'मला दूध पुरत नाही' ही भीती खरोखरच खरी होते. या फेऱ्यात अडकलेल्या बाईला 'तुमचा गैरसमज आहे' असं सांगून काय होणार? तोवर तो गैरसमज राहिलेला नसतो.

आणखी एक समजूत आहे, 'कोराखे'ची. आईला संताप आला किंवा धक्का बसला की दूध बिघडतं आणि बाळाला बाधतं. दूध बिघडत नाही. मात्र ताण असला की ते सुटायला अडखळतं हे खरं, तेव्हा म्हाताऱ्यांच्या निरीक्षणात काहीच तथ्य नव्हतं असं नाही.

आता 'क्वारेंतेना'. बाळंतिणीनं चाळीस दिवस घरात राहायचं, गार टाळायचं, कोंबडीचा गरम रस्सा आणि मक्याच्या पिठाचं आतोले प्यायचं. आपल्या सव्वा महिन्याची आणि अळिवाच्या खिरीची आठवण होते ना? स्थलांतरात नेमकं हेच तुटतं. आई मेक्सिकोतल्या पुएब्लात, मुलगी लॉस एंजेलिसमध्ये, नवरा कामावर. रस्सा करायला आणि रात्री बाळाला खांद्यावर घ्यायला घरात कुणी नाही. माझ्या मते दूध तुटण्यामागे समजुतींपेक्षा हे एकटेपण मोठं आहे.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की अमेरिकेत राहण्याच्या दर वर्षामागे स्तनपानाची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी घटते. यावरून 'मूळ संस्कृती चांगली, अमेरिकेनं बिघडवली' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण खुद्द मेक्सिकोत निव्वळ स्तनपानाचं प्रमाण २००६ ते २०१२ या काळात २२.३ वरून १४.४ टक्क्यांवर आलं होतं. बाटली सीमेच्या दोन्ही बाजूंना पोचली आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेत बाळदुधाच्या जाहिरातींवरच्या आचारसंहितेला ११८ देशांनी पाठिंबा दिला. विरोधी मत एकच पडलं, अमेरिकेचं.

पैशाची बाजूही पाहा. गरीब आई-बाळांसाठी १९७२ च्या कायद्यानं सुरू झालेली 'विक' ही सरकारी योजना फॉर्म्युला मोफत देते. २००९ मध्ये तिच्या शिध्यात बदल झाला आणि फक्त अंगावर पाजणाऱ्या आईला जास्त अन्न मिळू लागलं. पण महिन्याच्या हिशेबात हातात येणारे डबे डोळ्यांना दिसतात, अंगातलं दूध दिसत नाही. दोन्ही घेणारी बाई तिच्या परीनं घर चालवत असते.

कामावर दूध काढायला वेळ देण्याची तरतूद २०१० मध्ये झाली, आणि २०२२ च्या अखेरीस नव्या कायद्यानं तिची व्याप्ती वाढवली. पण त्या वेळेचा पगार देणं मालकावर सरसकट बंधनकारक नाही, आणि पन्नासपेक्षा कमी माणसं कामाला असलेला मालक फार अडचण होते असं दाखवून सूट मागू शकतो. ज्या शेतात पेटीमागे मजुरी ठरते, तिथं बांधावर वीस मिनिटं बसलेल्या बाईच्या तेवढ्या पेट्या बुडतात.