बांधावरची बाभूळ

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरातून बार्शीच्या नाहीतर अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं, की दुतर्फा काटेरी झाडोरा दिसतो. त्या सगळ्याला आपण सरसकट बाभळी म्हणून मोकळे होतो. त्यातली बरीचशी असते वेडी बाभूळ, मूळची अमेरिका खंडातली. मला बोलायचंय ते आपल्या गावठी बाभळीबद्दल. बांध साफ करताना वेडीबरोबर तिच्यावरही जेसीबी फिरतो आणि ते मला फार लागतं.

ओळख अवघड नाही. गावठीची फुलं म्हणजे गर्द पिवळे गोल गोंडे, मंद वासाचे. वेडीला फिकट, लांबट तुरे येतात. गावठीची शेंग करडी, मऊ लव असलेली, दर दोन बियांमध्ये आवळलेली. ओवलेली माळच जणू. काटे पांढरे, जोडीजोडीनं. तिचाच एक प्रकार रामकाठी. ती पसरत नाही, सरळ वर जाते. त्यामुळे पिकावर सावली कमी पडते आणि शेतकरी ती आवर्जून राखत आले.

लाकडाचं तर काय सांगावं! आतला गाभा तांबूस तपकिरी, जड आणि चिवट. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, नांगर, कुळव, कुऱ्हाडीचा दांडा, तेलाचा घाणा या सगळ्याला बाभूळच. जिथं दणका बसणार आणि झीज होणार, तिथं सुताराचा हात हिच्याकडे जायचा. ओंडका आधी पाण्यात बुडवून ठेवायचा, मग सावलीत वाळवायचा. असं मुरलेलं लाकूड किडीला दाद देत नाही. सालीनं कातडी कमावली जाते, डिंक बाळंतिणीच्या लाडवात जातो.

पण झाड उभं असतानाचा तिचा संसार याहून मोठा. विहिरीवर झुकलेल्या फांदीला सुगरणीचे खोपे लटकतात. खाली पाणी, भोवती काटे, सापाला सहजी पोचता येत नाही. खाटीक पक्षी नाकतोडा, कधी सरडा पकडतो, काट्याला टोचून ठेवतो आणि सवडीनं खातो. फुलांवर मधमाश्या असतात. बबूल ब्लू नावाची चिमुकली फुलपाखरं अंडीही तिथंच घालतात. भरतपूरच्या पाणथळीत तर पाण्यात उभ्या असलेल्या बाभळींवर बगळ्या-करकोच्यांची वसाहत भरते.

उन्हाळ्यात माळ करपलेला असताना शेळ्यामेंढ्यांना या शेंगांचाच आधार. बी कठीण कवचाचं असतं. शेळीच्या पोटातून जाताना ते कवच मऊ होतं. म्हणून शेळ्या बसतात त्या जागेवरचं बी गोळा करून पेरलं, तर ते चांगलं उगवतं. मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात आणि मुळं खोल जातात, त्यामुळे आपल्या कमी पावसाच्या जिल्ह्यात हे झाड तगतं.

तेव्हा जूनच्या तोंडावर बांधाला, ओढ्याकाठी बी टोका. तसं बी मिळालं नाही, तर कडक पाणी ओतून रात्रभर भिजू द्या. रोपवाटिकेच्या पिशवीपेक्षा जागेवरच लावलेलं बरं, मूळ सरळ खाली उतरतं. पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून जपा. सावली तिला सोसत नाही, मोठ्या झाडाखाली लावू नका.

आणि उघड्या गवताळ माळावर तर कुठलंच झाड लावू नका, बाभूळसुद्धा नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य १९७९ साली झालं ते माळढोक पक्ष्यासाठी. त्याला दूरवर नजर पोचेल असं मोकळं गवत लागतं. काळविटांना आणि लांडग्यांनाही तेच मानवतं. बाभळीला आपले बांध आणि ओढे पुरेसे आहेत.

नमस्कार.