बादली, फडकं आणि उघडी खिडकी

[दृश्य : रिकामा महामार्ग, कडेने चालणारी माणसं. आवाज फक्त पावलांचा.]

मार्च २०२० संपत आला होता. कोविडच्या टाळेबंदीत अडकलेले मजूर मिळेल त्या वाटेने गावाकडे निघाले होते. उत्तर प्रदेशात बरेलीला पोचलेल्या अशाच एका जथ्याला रस्त्यावर बसवण्यात आलं आणि त्यांच्या अंगावर जंतुनाशक द्रावणाची फवारणी झाली. त्यात बायका होत्या, लहान मुलं होती. बस आणि रस्ते धुण्यासाठी आणलेलं द्रावण माणसांवर मारलं गेलं.

[दृश्य : एका प्रवेशद्वारावरचा फवाऱ्याचा बोगदा. आतून जाणारी माणसं तोंड झाकून घेतात.]

पुढच्या काही आठवड्यांत बाजार, कारखाने, कचेऱ्या, मोठ्या सोसायट्या यांच्या दारात निर्जंतुकीकरणाचे बोगदे उभे राहिले. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिललाच सांगितलं होतं, की माणसांवर अशी फवारणी करू नका. डोळ्यांची आणि त्वचेची आग होते, मळमळ होते, आणि शरीरात शिरलेल्या विषाणूला त्याने काहीही होत नाही. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच सांगितलं. तरी बोगदे हलले नाहीत. शेवटी ५ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला याबाबत महिनाभरात आदेश काढायला सांगितलं.

हे सगळं आता उगाळायचं कशासाठी? कारण बोगद्यांवर पैसा आणि लक्ष खर्च होत असताना खरे नियम कागदावर तयार होते. ते साधे होते, स्वस्त होते, आणि त्यांना यंत्र लागत नव्हतं. माणूस लागत होता.

[दृश्य : जिन्याचा कठडा. लिफ्टचं बटण. नळाची तोटी. शाळेच्या बाकाची कड.]

सार्वजनिक जागा आणि कार्यालयांच्या निर्जंतुकीकरणाच्या केंद्राच्या सूचना मार्चच्या त्याच अखेरच्या दिवसांत निघाल्या. कार्यालयाच्या खोल्या संध्याकाळी सगळे गेल्यावर किंवा सकाळी कुणी यायच्या आत पुसायच्या. जिथे सतत हात लागतात, म्हणजे कठडे, बटणं, काउंटर, टेलिफोन, प्रिंटर, त्या जागा दिवसातून दोनदा. त्यासाठी सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनवर चालणारं जंतुनाशक, त्याचं एक टक्का द्रावण. कुलपं, किल्ल्या, दाराच्या मुठी अशा धातूच्या वस्तूंना ते चालत नाही, धातू खराब होतो. तिथे सत्तर टक्के अल्कोहोल. आणि पुसणाऱ्याच्या अंगावर जाड रबरी हातमोजे, रबरी बूट, तीन पदरी मास्क.

[दृश्य : जवळून. प्लास्टिकची बादली, मग, द्रावणाचा कॅन. हातमोजे घातलेले हात.]

आता हे एक टक्का द्रावण करायचं कसं, ते नीट पाहू. कॅनवर पाच टक्के लिहिलेलं असेल तर एक मग द्रावण आणि चार मग पाणी. पाणी गार. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडून जातो. आधी बादलीत पाणी घ्यायचं, मग त्यात द्रावण ओतायचं, म्हणजे अंगावर उडत नाही. हे काम खिडकीपाशी किंवा अंगणात करायचं. द्रावण रोज ताजं. काल उरलेलं आज वापरलं तर त्याचा जोर कमी झालेला असतो, आणि ते नुसतं बघून कळत नाही.

त्याआधीची एक पायरी घाईत हमखास राहून जाते. बाकावर खडूची धूळ असते, शाईचे डाग असतात, डब्यातलं काही सांडून चिकट झालेलं असतं. त्यावर थेट द्रावण टाकलं तर क्लोरीन त्या घाणीतच खर्ची पडतो. म्हणून आधी साबणाचं पाणी, मग जंतुनाशक. वरून खाली यायचं, स्वच्छ भागाकडून घाणीकडे जायचं. द्रावण लावून लगेच कोरडं करायचं नाही, पृष्ठभाग काही मिनिटं ओला राहू द्यायचा. स्वच्छतागृहाचं फडकं वर्गात आणायचं नाही.

आणि हे तर दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं : हायपोक्लोराइटमध्ये ॲसिड किंवा ॲसिड असलेलं टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो जिवावर बेततो. दोन औषधं एकत्र केली की काम दुप्पट होईल, असं भल्याभल्यांना वाटतं.

[दृश्य : जुन्या मुंबईतल्या चाळी. चुना फासलेल्या भिंती.]

साथ आली की भिंतींवर काहीतरी ओतायचं, ही आपल्याकडची जुनी गोष्ट. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात त्याने थैमान घातलं. घरांना चुना फासला गेला, जमिनीवर आणि गटारांत कार्बोलिक ॲसिड ओतलं गेलं. पुण्यात सैनिक घराघरांत शिरले आणि लोकांचा संताप अनावर झाला. प्लेग मात्र उंदरांवरच्या पिसवांमधून पसरत होता. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत ते दाखवलं, आणि पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतल्या प्रयोगांनी ते पक्कं झालं. रोग कोणत्या वाटेने येतो हे कळेपर्यंत माणसं हाताला लागेल ते करत होती. त्यांना दोष देता येत नाही.

कोविडमध्येही सुरुवात तशीच झाली. मार्च २०२० मध्ये प्रयोगशाळेत दिसलं, की हा विषाणू प्लास्टिकवर तीन दिवसांपर्यंत टिकू शकतो. भाजी धुतली जाऊ लागली, वर्तमानपत्रं बंद झाली. पण प्रयोगात वापरलेला विषाणूचा डोस मोठा होता, याकडे जुलैमध्येच इमॅन्युएल गोल्डमन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने लक्ष वेधलं. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, अंदाज मांडला : दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी. आजारी माणूस तिथे येऊन गेला नसेल, तर दिवसातून एकदा साधी स्वच्छता बहुतेक ठिकाणी पुरेशी.

[दृश्य : वर्गाची खिडकी. कडी गंजलेली, पल्ला जोर लावून उघडतो.]

मुख्य वाट हवेची होती. मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन तडाख्यात, केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने स्पष्ट केलं, की श्वासातले सूक्ष्म कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. दारं-खिडक्या उघडा, पंखा असा लावा की आतली हवा बाहेर जाईल. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की वारा आरपार जातो. आपल्या जुन्या कौलारू शाळांना ही सोय बांधतानाच मिळालेली आहे. खरी अडचण होती वातानुकूलित कचेऱ्यांची. तिथे रोज टेबलं पुसली जात होती आणि काचा मात्र कायमच्या बंद होत्या.

मग फडकं फेकून द्यायचं का? मुळीच नाही. हगवण, कावीळ, टायफॉइड यांना अस्वच्छ हात आणि घाण पाणी पुरतं. शाळेत साबण आणि वाहतं पाणी हवं, ते साथ असो वा नसो.

[दृश्य : जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, सकाळ. व्हरांड्यात केरसुणी.]

शाळांसाठीचे केंद्राचे नियम ८ सप्टेंबर २०२० रोजी आले. ज्या शाळांत विलगीकरण केंद्र होतं, त्या आधी पूर्ण स्वच्छ करायच्या. एक टक्का हायपोक्लोराइट इथेही. आणि एक कलम फार मोलाचं : विद्यार्थ्यांना साफसफाईच्या कुठल्याही कामाला लावायचं नाही. महाराष्ट्रात २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीचे वर्ग उघडायला परवानगी मिळाली, शिक्षकांच्या कोविड चाचण्या झाल्या. खालचे वर्ग त्यानंतर टप्प्याटप्प्याने सुरू झाले.

मुलांनी करायचं नाही, हे योग्यच. पण गावातल्या दोन शिक्षकी शाळेत शिपाई नसतो. मुख्याध्यापकच शाळा उघडतात, तेच घंटा देतात. आता बादलीही त्यांच्याच हातात. तीसच्या वर आणि शंभरपर्यंत पट असलेल्या शाळांना केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला पंचवीस हजारांचं अनुदान मिळतं, त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. म्हणजे अडीच हजार रुपये. केरसुण्या, साबण, फिनेल, हायपोक्लोराइटचे कॅन, हातमोजे, सगळं त्यात. पुसणाऱ्या माणसाची मजुरी त्यात कशी बसणार?

शहरातल्या कचेरीत माणूस असतो, पण तो ठेकेदाराचा. काचेच्या दारावर नियमांचा तक्ता लागतो तेव्हा त्याला कुणी बोलावून विचारत नाही, की बूट मिळाले का, हातमोजे फाटले तर नवे कोण देतं, कॅनवरचं इंग्रजी कोण वाचून दाखवतं. एक मग आणि चार मग हे प्रमाण त्यालाच रोज घालायचं असतं. म्हणून ते मराठीत, चित्रासह, बादली जिथे ठेवली जाते तिथल्या भिंतीवर लावा. आणि हातमोज्यांच्या नव्या जोडीचा खर्च ठेक्याच्या करारात वेगळा लिहून घ्या.

[दृश्य संपतं. पडद्यावर प्रमाण : पाच टक्के द्रावण एक मग, गार पाणी चार मग. ॲसिड मिसळू नये.]