सगळ्या कुंड्यांना एकच खत नको

नमस्कार मंडळी. मृग जवळ आला की नर्सरीत गर्दी होते, माणूस चार रोपं घेतो, एक पोतं खत घेतो अन गुलाबापासून कोरफडीपर्यंत सगळ्यांना सारखंच वाढतो. तिथंच गडबड होते बघा.

गुलाब खादाड. त्याला चांगलं कुजलेलं शेणखत द्या, लेंडीखत मिळालं तर अजून भारी, पण हात राखून, कारण शेणखतात नत्र, म्हणजे नायट्रोजन, साधारण अर्धा टक्का अन लेंडीखतात त्याच्या कितीतरी पट, म्हणून कुंडीला मूठ-दोन मूठ बास. ताजं कोंबडीखत तर टाकूच नका, मुळं जळतात.

बोगनवेलीचं उलटं. खत जास्त झालं की नुसता पाला, फूल नाही. तिला कडक ऊन अन पाण्याचा थोडा ताणच मानवतो. कोरफड, अडेनियमला वाळू जास्त, खत नावाला.

आता जास्वंद अन मोगरा, यांच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी माती चुनखडीची, बोअरचं पाणी जड, त्यामुळं मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात अन शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोकांना वाटतं खत कमी पडलं, मग अजून ओततात. तसं नका करू. पालापाचोळ्याचं खत अन गांडूळखत मिसळून द्या, पावसाचं पाणी साठवून घाला, तरी पानं पिवळीच राहिली तर कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह मागा, त्यातलंही ईडीडीएचए प्रकारचं, चुनखडीच्या मातीत तेच टिकतं.

खत घेताना मूठभर हातात घ्याच. काळपट, भुसभुशीत पाहिजे, वास पहिल्या पावसातल्या मातीचा. हाताला गरम लागलं, शेणाचा वास आला, पऱ्हाटीचे नाहीतर कडब्याचे तुकडे ओळखू आले तर ते अजून कुजतंय, असं खत मातीतलंच नत्र ओढून घेतं अन रोप उपाशी. शेणखतात हुमणीच्या पांढऱ्या जाड अळ्या पण निघतात, त्या मुळं कुरतडतात, झाड उभ्या उभ्या वाळतं. म्हणून चाळून, अळ्या वेचून मगच वापरा, सोबत मूठभर निंबोळी पेंड टाका.

अन कुंडीत नुसती काळी माती भरू नका. उन्हाळ्यात ती आकसते, कडेनं भेग पडते, घातलेलं पाणी भेगेतून खाली निघून जातं अन मधली मुळं कोरडीच राहतात. दोन भाग माती, एक भाग खत, एक भाग वाळू, एवढं प्रमाण बहुतेक फुलझाडांना चालतं.