हुकूम नागपूरचा, वसुली परमुलखात

वॉरंटच्या मागच्या बाजूस पोलिस जो अहवाल लिहितात, त्याचा हा एक नमुना पाहा. "सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही, सबब वॉरंट विनातामील परत," म्हणजे वॉरंट न बजावताच परत, एवढाच मजकूर त्यावर असतो. पोटगीच्या वसुलीची कित्येक प्रकरणे अशा दोन ओळींपाशी अडकतात आणि ज्या लेकराच्या नावाने पोटगी मंजूर झाली, त्याच्या आईच्या हाती फक्त पुढची पेशी, म्हणजे सुनावणीची तारीख, पडते. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात; फी, वह्या-पुस्तके आणि गणवेश यांचा खर्च मात्र वॉरंट तामील होण्याची वाट पाहत नाही.

नागपूर हे देशाच्या मध्यावरचे शहर आहे. येथील सोयरिकी छिंदवाडा, बालाघाट आणि रायपूरपर्यंत पोहोचलेल्या आहेत, तर नोकरीसाठी येथील तरुण हैदराबाद, बेंगळुरू आणि तेथून पुढे परदेशात जातात. त्यामुळे न्यायालयाचा हुकूम एका राज्यातला आणि पैसे देणारा बाप दुसऱ्या राज्यात, ही स्थिती येथे नवलाची नाही. राज्याची हद्द ओलांडली की हुकूम निकामी होतो, असा समज मात्र अनेक घरांत आहे आणि तो साफ चुकीचा आहे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये, पत्नी, मुले आणि आईवडील यांच्या पोटगीची तरतूद आहे. त्याच संहितेचे कलम 147, म्हणजे पूर्वीचे कलम 128, असे सांगते की पोटगीच्या आदेशाची प्रत अर्जदाराला विनामूल्य द्यावी आणि ज्याच्याविरुद्ध आदेश झाला तो जेथे असेल, तेथील कोणत्याही दंडाधिकाऱ्याला तो आदेश अमलात आणता येईल. त्या दंडाधिकाऱ्याने पक्षकारांची ओळख आणि रक्कम थकली आहे की नाही, एवढ्याच दोन गोष्टींची खात्री करायची असते. मूळ वाद पुन्हा उकरून काढायचा नसतो. वॉरंट काढूनही रक्कम मिळाली नाही, तर प्रत्येक थकीत महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत किंवा पैसे भरेपर्यंत कैद होऊ शकते. तुरुंगात जाऊन आल्याने थकबाकी फिटत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे.

पोटगीच्या कायद्याला वळण देणारा एक मोठा निकाल नागपूरच्याच प्रकरणातून आला, हे येथे नमूद केले पाहिजे. येथील कौटुंबिक न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये पत्नीला दरमहा 15,000 रुपये आणि मुलाला आधी 5,000 व सप्टेंबर 2015 पासून 10,000 रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली होती. पतीने या आदेशाला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. 4 नोव्हेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने थकबाकी 12 आठवड्यांत भरण्यास सांगितले. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे आणि पोटगीच्या आदेशाची वसुली दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणेही करता यावी, हे देशभरासाठीचे निर्देश त्याच निकालातले आहेत. हुकूम होऊन पाच वर्षे उलटल्यानंतरही ते लेकरू थकबाकीसाठी दिल्लीच्या दारात उभे होते, ही गोष्ट मनाला लागल्यावाचून राहत नाही.

बाप पगारदार असेल तर वाट थोडी सोपी होते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीपासून सुरक्षित राहतो. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली तर दंडाधिकारी थेट मालकाला, म्हणजे नोकरी देणाऱ्या कंपनीला, पगारातून रक्कम वळती करण्याचा आदेश देऊ शकतात आणि त्या कायद्याखालचा आदेश भारतभर अंमलबजावणीस पात्र असतो. येथे सर्वांत मोलाचा कागद म्हणजे कंपनीचे नाव आणि पत्ता.

देशाची सीमा ओलांडल्यावर मात्र पायाखालची जमीन बदलते. अमेरिकेत एका राज्याचा बालपोटगीचा आदेश दुसऱ्या राज्यातील मालकाला थेट पाठवता येतो आणि अडीच हजार डॉलरपेक्षा अधिक थकबाकी असलेल्याला पासपोर्ट नाकारला जातो. 23 नोव्हेंबर 2007 रोजी हेग येथे झालेल्या बालपोटगीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार सदस्य देशातील आई आपल्याच देशातील केंद्रीय प्राधिकरणाकडे अर्ज करते आणि बापाचा ठावठिकाणा शोधण्यापासून वसुलीपर्यंतचे काम दोन देशांची यंत्रणा करते. भारत या करारात नाही. त्यामुळे नागपूरचा आदेश अमेरिकेत आपोआप लागू होत नाही. तेथील न्यायालयात वकील देऊन मान्यता मागावी लागते, आणि महिन्याच्या पोटगीची वाट पाहणाऱ्या बाईने डॉलरमध्ये फी कोठून द्यायची? भारताने या करारात सामील व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर जे हाती आहे ते वेळेत वापरावे लागते. न्यायालयाचे वॉरंट किंवा समन्स निघालेले असेल तर पारपत्र अधिनियम 1967 च्या कलम 10 खाली भारतीय पासपोर्ट जप्त होऊ शकतो. त्या व्यक्तीने परदेशी नागरिकत्व घेतले की हा उपाय संपतो. वर उल्लेखिलेल्या प्रतिज्ञापत्रात परदेशात राहणाऱ्यांसाठी स्वतंत्र भाग आहे आणि त्यात नागरिकत्व, सध्याचे वास्तव्य, परकीय चलनातील उत्पन्न व त्याचे पुरावे द्यावे लागतात. नागपुरात प्रकरण चालू असतानाच हा भाग पूर्ण भरून घेण्याचा आग्रह आईच्या वकिलाने धरला पाहिजे. थकीत रकमेच्या वॉरंटसाठी अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो.