मालक बरोबर, परवानगी बरोबर, तरी डेटाबेस पडतो

[दृश्य: पहाट. ठाणे-बेलापूर रस्ता, महापेतल्या डेटा सेंटरची बिनखिडक्यांची भिंत.]

रात्रीच्या मेंटेनन्समधलं नेहमीचं काम. डिस्क भरत आली, म्हणून मायएसक्यूएल या डेटाबेसचा डेटा नव्या डिस्कवर, एसआरव्हीखालच्या डिरेक्टरीत हलवला. कॉन्फिगमध्ये डेटाडिर, म्हणजे डेटाची जागा, बदलली, सर्व्हिस चालू केली. दोन सेकंदांत आडवी. लॉगमध्ये एरर 13, परमिशन डिनाइड. डिरेक्टरीचा मालक मायएसक्यूएल, परवानगी 750, म्हणजे मालकाला पूर्ण मुभा. म्हणजे त्या बाजूने सगळं ठीक. अडवतंय ते एसईलिनक्स: लिनक्समधला वेगळा पहारेकरी, जो प्रत्येक फाइल आणि प्रोसेसवरचं लेबल बघून परवानगी देतो.

[दृश्य: टर्मिनल. कर्सर ‘व्हार-टी’ या शब्दावर थांबतो.]

फायलींची यादी देणाऱ्या ‘एलएस’ला कॅपिटल झेड जोडा, लेबलं दिसतात. जुन्या जागी लेबल होतं मायएसक्यूएलडी-डीबी-टी. इथे आहे व्हार-टी. डेटाबेसची प्रोसेस मायएसक्यूएलडी-टी या डोमेनमध्ये, म्हणजे या लेबलाखाली, चालते, आणि रेड हॅट किंवा रॉकी लिनक्सवरची एसईलिनक्स पॉलिसी तिला व्हार-टीच्या फायलींवर लिहू देत नाही. साध्या ‘सीपी’ने आणलेली फाइल नव्या डिरेक्टरीचं लेबल घेते. ‘एमव्ही’ने आणलेली जुनं लेबल सोबत आणते, होम डिरेक्टरीतून उचललेला बॅकअप अडतो तो यामुळेच.

या घडीला कुणीतरी ‘सेटएनफोर्स 0’ मारतं, म्हणजे एसईलिनक्सला नुसती नोंद करायला लावतं, अडवायला नाही. डेटाबेस उठतो, सगळे झोपायला जातात. पुढच्या रीबूटला मशीन पुन्हा एनफोर्सिंगमध्ये, म्हणजे अडवण्याच्या अवस्थेत, येतं आणि सर्व्हिस पुन्हा पडते. मधल्या काळात त्या मशीनवरच्या प्रत्येक सेवेचं कुंपण उघडं राहिलेलं असतं, ते वेगळंच. तपासच करायचा असेल तर ‘सीमॅनेज परमिसिव्ह’ने एकटं मायएसक्यूएलडी-टी मोकळं करा. मग पहिल्याच नकारावर गाडी अडत नाही. पुढचे नकारही ऑडिट लॉगमध्ये एकदम दिसतात. ‘एयूसर्च’ने एव्हीसी नोंदी, म्हणजे एसईलिनक्सच्या नकारांच्या नोंदी, काढा. नोंदच नसेल तर आधी साध्या परवानग्या पाहा. कर्नल त्या अगोदर तपासतो. तिथेच अडलं तर एसईलिनक्सपर्यंत गोष्ट जातच नाही.

‘ऑडिट-टू-अलाव’ने त्या नकारांवरून परवानगीचं मॉड्यूल बनवून मोकळं व्हायचा मोह इथे होतो. तो टाळाच. ते मॉड्यूल डेटाबेसला व्हार-टी लेबलच्या कुठल्याही फायलीवर लिहायची मुभा देईल. चूक लेबलात आहे, पॉलिसीत नाही.

[दृश्य: दोन कमांड, एकाखाली एक.]

‘सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ला ‘-ए -ई’ देऊन सांगा की नवी डिरेक्टरी लेबलांपुरती व्हार-लिब-मायएसक्यूएलसारखीच धरायची. नुसता टाइप देण्यापेक्षा हे बरं, कारण सॉकेट फाइलचं (जिच्यातून बाकीचे प्रोग्राम डेटाबेसशी बोलतात) लेबल वेगळं असतं, तेही आपोआप बरोबर बसतं. मग ‘रिस्टोअरकॉन -आरव्ही’, ती लेबलं फायलींवर लावायला. पहिलीच कमांड विसरून, थेट फायलींवर लेबल बदलणारं ‘सीएचकॉन’ वापरलं, तर पुढच्या रीलेबलमध्ये सगळं पुसलं जातं.

त्याच मशीनवर डेटाबेसचं दुसरं इन्स्टन्स 3307 पोर्टवर हवं असेल, तर ‘सीमॅनेज पोर्ट’ने तो पोर्ट मायएसक्यूएलडी-पोर्ट-टीमध्ये घाला, 3306 आधीपासून त्यात आहे. डोमेन परमिसिव्ह केलं असेल तर ‘सीमॅनेज परमिसिव्ह’ला ‘-डी’ देऊन ते काढा, सर्व्हिस रीस्टार्ट करा.

[दृश्य: ‘पीएस -ईझेड’चं आउटपुट, एकच ओळ.]

शेवटी प्रोसेसचं लेबल बघाच. मायएसक्यूएलडी-टीऐवजी अनकन्फाइन्ड-सर्व्हिस-टी दिसलं, तर डेटाबेसची बायनरी बहुधा टारबॉलमधून (फायलींच्या बांधलेल्या गठ्ठ्यातून) ऑप्ट डिरेक्टरीखाली उघडलेली आहे आणि तिला मायएसक्यूएलडी-एक्झेक-टी लेबल नाही. अशा सर्व्हरवर लेबलामुळे एरर 13 येत नाही, कारण त्या डेटाबेसला मायएसक्यूएलची पॉलिसी लागूच झालेली नसते.