हातातला जीपीएस आणि टेबलावरचा चार्ट

मंडळी, गोव्यातल्या मालीम जेटीवर उभे राहून हातातल्या जीपीएसवर मुरगाव बंदर निवडा आणि ‘गो टू’ दाबा. यंत्र सरळ रेघ मारते. ती पणजी, ताळगाव, दोनापावल अशी भर वस्तीतून जाते, आणि अंतर, पोचायची वेळ सगळे त्या रेघेवरूनच काढले जाते. मध्ये जमीन आहे की पाणी, हे साधे यंत्र बघतच नाही. म्हणून वाट आधी कागदी चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, आखावी आणि मगच यंत्रात भरावी, असा माझा आग्रह आहे.

आखणीला समांतर पट्टी, डिव्हायडर आणि २बी पेन्सिल पुरते. कडक पेन्सिल कागदात चर पाडते, तो रबराने जात नाही. आग्वादसमोरचे पाणी, काबोचे टोक, जुवारी नदीचे तोंड असे वळणाचे बिंदू घ्या. ते खडकाला चिकटून घेऊ नका : १:५०,००० च्या चार्टवर अर्ध्या मिलिमीटरची रेघसुद्धा समुद्रावर २५ मीटर रुंद होते. अंतर मोजायचे ते उभ्या कडेच्या अक्षांश-पट्टीवर. तिथले १ मिनिट म्हणजे १ सागरी मैल, १,८५२ मीटर. आडव्या रेखांश-पट्टीवर मोजले तर गोव्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपासच चूक होते, त्यामुळे ती पकडली जात नाही आणि खोड तशीच राहते.

खरा घोळ होतो आकडे भरताना. चार्टवरून अक्षांश काढला १५ अंश २१.५० मिनिटे. यंत्र अंश-मिनिट-सेकंदावर लावलेले असेल तर भरणारा २१ मिनिटे ५० सेकंद भरून मोकळा होतो. पण ५० सेकंद म्हणजे ०.८३ मिनिट. बिंदू ६१७ मीटर उत्तरेला सरकला! ग्रांदे बेटाजवळ एवढ्यात पाण्याचा खडक होतो. सेटिंगमध्ये ‘अंश आणि दशांश मिनिटे’ ठेवा. तिथेच डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया, बघा. यंत्र बहुधा डब्ल्यूजीएस ८४ या जगभर चालणाऱ्या डेटमवर असते. चार्ट जुना असेल तर उपग्रहावरून मिळालेली आपली जागा किती मिनिटे सरकवून मांडायची, ही टीप शीर्षकापाशी शोधा. बिंदू भरून झाले की प्रत्येक टप्प्याची दिशा आणि अंतर चार्टशी ताडा. चुकलेला आकडा तिथे लगेच उघडा पडतो.

पडद्यावर नकाशा लहान केला की एकांडे खडक आणि खोलीचे आकडे गळतात. मोठा केला तरी मूळ सर्वेक्षणापेक्षा जास्त काही कळत नाही, फक्त तसे वाटते. यंत्रातले नकाशाचे कार्ड असो वा कागद, दुरुस्त्या हव्यातच. कांदोळीला २००० साली रुतलेले ‘रिव्हर प्रिन्सेस’ जहाज २०१२ साली हलवले गेले. मधल्या काळातल्या चार्टवर ते कायमच रुतलेले राहणार.

मांडवी नदीच्या तोंडाशी मात्र दोघांवरही विसंबू नका. आग्वादचा वाळूचा दांडा पावसाळ्यात सरकतो. तिथे बोये बघायचे, नेहमी ये-जा करणाऱ्या तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) विचारायचे, आणि हिशेब करायचा. समजा चार्टवर खोली १.८ मीटर, भरती-ओहोटीच्या तक्त्याप्रमाणे त्या वेळी वर १.२ मीटर : पाणी झाले ३ मीटर. बोट १.५ मीटर बुडते, खाली उरले १.५. एक मीटरची लाट असेल तर तिच्या खळग्यात आणखी अर्धा मीटर वजा. उरलेल्या एका मीटरवर सुकती (ओहोटी) लागलेली असताना आत शिरू नये, कारण रुतलात तर पुढची भरती येईपर्यंत लाटा बोटीला आपटत राहणार.

हातातल्या यंत्राचा आणखी एक फसवा आकडा म्हणजे दिशा. ती हालचालीवरून काढतात; बोट जवळजवळ थांबली की आकडा गरगरतो. अशा वेळी होकायंत्रच बघा, आणि त्याच्याजवळ स्पीकर किंवा मोबाइल ठेवू नका. काबोच्या पश्चिमेला दोन मैलांवर असाल तर आग्वादचा दिवा ईशान्येला, मुरगावचे टोक आग्नेयेला दिसते. या दोघांच्या आणि काबोच्या दिशा घेऊन तीन रेघा मारा. त्या जिथे छेदतात ते ठिकाण यंत्राशी जुळायला हवे.

बॅटरीचे सेल सुटे आणि कोरड्या डब्यात ठेवा. यूएसबीचे रबरी झाकण नीट बसले नाही तर खारे पाणी आतले टोक खाते. आणि दर अर्ध्या तासाने जागा, वेळ, दिशा, वेग चार्टवर पेन्सिलीने टिपा. यंत्र बंद पडले तर शेवटच्या खुणेपासून पुढे मोजता येते : ६ नॉटने (तासाला ६ सागरी मैल) २० मिनिटे म्हणजे २ मैल, त्याच दिशेला. प्रवाहाने ढकलले असेल ते त्यात धरलेले नाही, म्हणून खुणेभोवती एक मोठे वर्तुळ काढा आणि त्यात खडक येतो का बघा.