शाळेची निवड घर घेतानाच होते

नमस्कार मंडळी. मला दिलेला विषय 'अमेरिकेतलं उच्च शिक्षण: आजचे प्रश्न' असा आहे, आणि त्यावर मी बोलणारच आहे. पण कॉलेजकडे जाण्याआधी मला तुम्हाला शाळेच्या फाटकाशी जरा थांबवायचंय. कॉलेजचा बराचसा निकाल तिथेच लागलेला असतो, असं माझं इतक्या वर्षांच्या शिकवण्यानंतरचं ठाम मत आहे.

इथे न्यू जर्सीत घर घेताना आपण सगळ्यांनी आधी काय पाहिलं? स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे कुठल्या पत्त्याच्या मुलांनी कुठल्या सरकारी शाळेत जायचं ते ठरवणारी हद्द. एडिसन गावातलं अमुक घर जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलला जातं की एडिसन हायला, हे एजंटच्या आधी आपल्या मावशी-काकूंना ठाऊक असतं! (हसताय म्हणजे खरं आहे.) या राज्यात मालमत्ता कराचं सरासरी बिल आता वर्षाला 10,000 डॉलरच्या पुढे गेलंय, आणि त्यातला साधारण निम्मा पैसा शाळांना जातो. शाळा निवडण्याच्या हक्कावरून देशभर एवढी भांडणं चालली आहेत, पण ज्याला घर परवडतं त्याच्याकडे तो हक्क पहिल्यापासून आहे. बाकीच्यांसाठी डिस्ट्रिक्टची हद्द हीच प्रवेशपरीक्षा.

मी एका पब्लिक, म्हणजे सरकारी, स्कूलमध्ये आठवीला अल्जिब्रा शिकवत होते तेव्हाची गोष्ट सांगते. वर्गात एक मुलगी होती. हुशार, अबोल, पेन्सिल इतकी हलकी चालवायची की वही उजेडात धरून तपासावी लागे. तिची आई आमच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करायची. राहायची दोन गावं पलीकडे, पण पत्ता दिला होता इथल्या मावशीचा. कुणीतरी कळवलं. मग डिस्ट्रिक्टनं माणूस नेमला. तो भल्या पहाटे त्यांच्या खऱ्या घरासमोर गाडी लावून बसायचा आणि मुलगी कुठल्या दारातून बाहेर पडते त्याचे फोटो काढायचा. हे सगळं कायदेशीर आहे बरं का. इतकंच नाही, त्या मुलीनं शाळेत 'बेकायदा' काढलेल्या दिवसांची फी कुटुंबाकडून वसूल करता येते. पालकांना 21 दिवसांत राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे अपील करता येतं आणि तोवर मूल शाळेत राहू शकतं. पण बिलाचा आकडा बघूनच आईचा धीर सुटला. तिनं अपील केलं नाही.

शेवटच्या दिवशी मुलगी शाळेचा कॅल्क्युलेटर परत द्यायला आली. त्याच्या मागे तिच्या नावाचं स्टिकर होतं, ते ती माझ्या टेबलाशी उभी राहून नखानं खरवडत होती. मी म्हटलं, "राहू दे गं." ती म्हणाली, दुसऱ्या कुणाला मिळेल ना तो. त्या दिवशी मी मुख्याध्यापकांशी भांडले, डिस्ट्रिक्टच्या शाळा चालवणाऱ्या बोर्डाच्या सभेत बोलले, आणि उत्तर मिळालं की करदात्यांच्या पैशाचं रक्षण करणं आमचं काम आहे. तिची आई जिथे राहत होती तिथे कर भरत नव्हती का? भाड्यातून भरतच होती. मला अजून त्या उत्तराचा राग येतो.

आणि हे काही आजचं नाही. टेक्सासात सॅन अँटोनियोच्या एजवुड भागातले डिमेट्रिओ रॉड्रिगेझ आणि इतर पालक 1968 मध्ये कोर्टात गेले. एजवुडचे लोक मालमत्तेच्या दर 100 डॉलरमागे 1.05 डॉलर शाळा-कर देत होते, श्रीमंत अलामो हाइट्सचे लोक 85 सेंट. म्हणजे गरिबांचा दर जास्त! तरीही त्या करातून एजवुडला मुलामागे 26 डॉलर मिळायचे आणि अलामो हाइट्सला 333. सुप्रीम कोर्टानं 1973 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी हे चालवून घेतलं. आपल्या राज्याच्या कोर्टानं मात्र 'ॲबट' खटल्यात 1990 मध्ये गरीब शहरांच्या शाळांना श्रीमंत उपनगरांच्या बरोबरीनं पैसा द्यायला लावला, त्याचा मला अभिमान आहे. पण हद्दीच्या रेषेला तिथेही कुणी हात लावला नाही.

मग व्हाउचरनं, म्हणजे खासगी शाळेच्या फीसाठी सरकारनं पालकांना पैसे देऊन, हे सुटेल का? अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी ही कल्पना 1955 मध्ये मांडली. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीनं 1959 मध्ये काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र बसवायला लागू नये म्हणून पब्लिक शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांच्या खासगी शाळेला अशाच सरकारी अनुदानाचा आधार मिळाला, काळ्या मुलांना 1964 पर्यंत तिथे पब्लिक शाळाच नव्हती. उलट 1990 मध्ये मिलवॉकीत व्हाउचर आणलं ते पॉली विल्यम्स या काळ्या आमदार बाईंनी, गरीब मुलांसाठी. पुढे उत्पन्नाची अट सैल होऊ लागली तेव्हा त्यांनीच विरोध केला, आणि त्यांचं बरोबर होतं. ॲरिझोनानं 2022 मध्ये अशीच योजना सरसकट सगळ्यांना खुली केली, तेव्हा सुरुवातीला अर्ज केलेल्यांत बहुतेक मुलं पब्लिक शाळेतली नव्हतीच. टेक्सासनं 2025 मध्ये अशा योजनेसाठी एक अब्ज डॉलर मंजूर केले. खासगी शाळा कुणाला घ्यायचं हे स्वतः ठरवते, हे त्यात विसरलं जातं.

पाच मिनिटं उरली म्हणतायत. बरं, कॉलेज. चार गोष्टी भराभर सांगते. 2007 नंतर अमेरिकेत जन्म घटत गेले, ती मुलं आता अठराची होतायत, त्यामुळे लहान कॉलेजं बंद पडतायत किंवा एकमेकांत विलीन होतायत. दुसरं, कर्ज. देशावर विद्यार्थी-कर्जाचा बोजा 1.6 ट्रिलियन डॉलरच्या वर आहे, आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या संघीय कर्जांवर जुलै 2026 पासून कडक मर्यादा ठरली आहे. तिसरं, परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर अनेक विद्यापीठं तगून आहेत. 2023-24 मध्ये भारतातून 3.31 लाख विद्यार्थी इथे होते, चीनपेक्षाही जास्त, त्यामुळे व्हिसाचं धोरण हललं की पुण्या-नाशिकच्या घरांतही झोप उडते.

चौथी, माझ्या मुद्द्याची. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रवेशात वंशाचा विचार बंद केला. त्याच वर्षी अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की परीक्षेत तेवढेच गुण असले तरी सगळ्यात श्रीमंत 1 टक्का घरांतली मुलं हार्वर्ड-येलसारख्या 'आयव्ही' दर्जाच्या कॉलेजांत जाण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असते. आणि तेवढे गुण पडायला आधी शाळेत चांगला अल्जिब्रा आठवीत शिकायला मिळावा लागतो.

आपल्या राज्यात 2010 च्या कायद्यानं एक सोय आहे: बाहेरच्या मुलांना जागा देणाऱ्या डिस्ट्रिक्टना राज्य पैसे देतं. जागा थोड्या आहेत, आपल्यातल्या कितीतरी गावांनी त्यात भागच घेतलेला नाही. तुमच्या बोर्डाच्या पुढच्या सभेला जा आणि आपलं गाव त्यात का नाही ते विचारा. ग्रीन कार्डवाले असाल, मत नसेल, तरी सभेत बोलता येतं. मी येते तुमच्याबरोबर. चला, प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताई आधी.